हा अपवाद नव्हे, हा भावे प्रयोग!

दिवाळी अंक हाती घ्यावा, चकलीचा तुकडा मोडावा आणि समोर लॅटिनचे व्याकरण यावे, ही काही सणासुदीची मेजवानी नव्हे, हे मी जाणून आहे. तरीही हा विषय मी मुद्दाम याच अंकासाठी राखून ठेवला. ज्या नियमाबद्दल मला आज भांडायचे आहे, तो आपल्या स्वयंपाकघरात, माजघरात आणि भाऊबीजेच्या पाटाशी रोज बोलला जातो. आणि आपली जी मुले लॅटिन शिकतात त्यांना मात्र तो 'अपवाद' म्हणून, 'अवघड' म्हणून, 'समजू नका, पाठ करा' म्हणून शिकवला जातो! नियम अवघड नाही. त्याच्याकडे जाण्याची आपण धरलेली वाट आडवळणाची आहे. पुण्याहून साताऱ्याला निघावे आणि लंडनमार्गे जावे, असा हा प्रकार आहे.

प्रथम नियम काय तो पाहू. लॅटिनमध्ये क्रियापदापासून एक विशेषण तयार होते. त्याला 'जेरंडिव्ह' असे भारदस्त नाव आहे. पण अर्थ अगदी घरगुती आहे. जे करावयाचे आहे, ते सांगणारे हे विशेषण. 'आजेन्दा' म्हणजे करावयाच्या गोष्टी. सभेच्या अजेंड्याचा जन्म यातूनच झाला. 'मेमोरान्दुम्' म्हणजे स्मरणात ठेवावयाचे. 'कोरिगेन्दा' म्हणजे सुधारावयाच्या चुका. आपण त्याला शुद्धिपत्र म्हणतो, आणि त्याची धास्ती संपादकांइतकी दुसऱ्या कोणाला नसेल. १६२२ साली रोमच्या धर्मपीठाने श्रद्धेच्या प्रसारासाठी जे मंडळ स्थापन केले, त्याच्या नावात 'प्रोपागान्दा', म्हणजे 'पसरवावयाची', हा शब्द होता. तोच पुढे निवडणुकीच्या भिंतीपर्यंत पसरला.

विशेषण म्हटले की ते ज्या वस्तूचे असेल तिचे लिंग आणि वचन घेणार. रोमचा कडवा म्हातारा केटो सभेत बोलायला उभा राहिला की विषय कोणताही असो, शेवटी कार्थेज नगरीवर यायचा. त्याच्या नावावर चालत आलेली घोषणा अशी: 'कार्थागो देलेन्दा एस्त'. कार्थेज उद्ध्वस्त करावयाची आहे. नगरी स्त्रीलिंगी, म्हणून 'देलेन्दा'. केटो इ. स. पूर्व १४९ मध्ये वारला, आणि १४६ मध्ये रोमनांनी ती नगरी खरोखरच जमीनदोस्त केली.

आता हे करावयाचे कोणाला? लॅटिन त्या माणसाला चतुर्थीत ठेवते. 'मिही एपिस्तुला स्क्रीबेन्दा एस्त.' मराठीत सांगू? 'मला चिठ्ठी लिहायची आहे.' शब्दावर शब्द ठेवून पाहा. मिही म्हणजे मला. एपिस्तुला म्हणजे चिठ्ठी, तिकडेही स्त्रीलिंगी आणि इकडेही. स्क्रीबेन्दा म्हणजे लिहायची. एस्त म्हणजे आहे. चिठ्ठीऐवजी ग्रंथ असेल तर 'लिबेर लेगेन्दुस', म्हणजे ग्रंथ वाचायचा. गाणे असेल तर 'कार्मेन कानेन्दुम्', म्हणजे गाणे गायचे. तीन लिंगे, तीन रूपे, आणि करणारा चतुर्थीत. हे वाक्य इंग्रजीत नेले की काय होते? 'मला'चे 'मी' होते, चिठ्ठीचे लिंग जाते, 'लिहायची'चा प्रत्यय जातो. एवढी मोडतोड करून मग आमचा विद्यार्थी त्या तुकड्यांतून पुन्हा लॅटिन वाक्य जुळवू लागतो, आणि जुळले नाही की शिक्षक म्हणतात, लॅटिन कठीण आहे!

एवढ्यावर भागले असते तर मी लेखणी उचलली नसती. खरी गाठ पुढे आहे. लॅटिनमध्ये काही क्रियापदे अशी आहेत की त्यांना द्वितीयेचे कर्म लागतच नाही. ज्याच्यासंबंधी क्रिया घडते तो चतुर्थीत येतो. 'पार्केरे' म्हणजे जीवदान देणे, सोडून देणे. 'पारेरे' म्हणजे हुकूम मानणे. 'क्रेदेरे' म्हणजे विश्वास ठेवणे. 'नोकेरे' म्हणजे इजा करणे. 'इग्नोस्केरे' म्हणजे क्षमा करणे. 'रेसिस्तेरे' म्हणजे विरोध करणे. सगळी कशी माणसामाणसांतल्या देण्याघेण्याची क्रियापदे! ज्याला काही द्यायचे, ज्याच्यापुढे वाकायचे किंवा ज्याला अडवायचे, तो समोरचा माणूस चतुर्थीतच बसतो आणि तेथून उठत नाही.

मग 'शत्रूंना सोडून द्यायचे आहे' हे लॅटिनमध्ये कसे म्हणावे? 'होस्तिबुस पार्केन्दुम् एस्त.' शत्रू पुल्लिंगी आहेत, अनेक आहेत. पण 'पार्केन्दुम्' मात्र नपुंसकलिंगी एकवचनी. इंग्रजीतून लॅटिन शिकलेला विद्यार्थी हमखास लिहितो: 'होस्तेस पार्केन्दी सुन्त'. त्याने शत्रूंना चतुर्थीतून ओढून प्रथमेत बसवले, आणि विशेषण त्यांच्या मागे अनेकवचनात धावले. शिक्षक त्यावर लाल रेघ मारतात आणि म्हणतात, येथे अपवाद आहे.

अपवाद कसला? ही चूक इंग्रजीने घडवली आहे. इंग्रजी भाषेची ही जुनी खोड आहे की कोणालाही उचलून प्रथमेत बसवावे. 'मला सांगितले' हे साधे वाक्य इंग्रज असे उलटवतो की सांगितला गेलेला तो स्वतःच! लॅटिन म्हणते 'मिही दिक्तुम् एस्त', आणि मराठी म्हणते 'मला सांगितले'. दोघींतही 'मला' जागेवर आणि क्रियापद नपुंसकलिंगी. इंग्रजांनी आपल्या मुलांना हा अपवाद म्हणून शिकवला तर ते समजण्यासारखे आहे. त्यांच्या भाषेत ही सोयच नाही. पण ज्या भाषेत ही सोय रोजच्या रोज वापरली जाते, त्या भाषेच्या मुलांनी ती परकी समजून घोकावी, याला काय म्हणावे?

वाचकहो, आता आपल्या घरात या. 'करंज्या तळायच्या आहेत.' 'लाडू वळायचे आहेत.' 'आकाशकंदील लावायचा आहे.' 'पणती लावायची आहे.' प्रत्येक ठिकाणी क्रियापदाचे रूप त्या वस्तूच्या लिंगवचनाप्रमाणे बदलले. ही झाली केटोची कार्थेज. आणि आता फराळाचा डबा घेऊन बाहेर पडा. 'मला मावशीला भेटायचे आहे.' 'मला मामाला भेटायचे आहे.' 'मला सगळ्या मावश्यांना भेटायचे आहे.' मामा पुल्लिंगी, मावशी स्त्रीलिंगी, एक असो की चार असोत. 'भेटायचे' जागचे हलत नाही. 'मला मावशीला भेटायची आहे' असे शाळेत न गेलेले पोरही म्हणत नाही. 'मावशीला'मधल्या 'ला'ने तिला क्रियापदापासून दूर केले. आता क्रियापदाने लिंग घ्यायचे कोणाचे? कोणाचेच नाही. म्हणून ते नपुंसकलिंगी एकवचनी होऊन स्वस्थ बसते. 'होस्तिबुस पार्केन्दुम् एस्त' हे वाक्य यापेक्षा तिळभरही वेगळे नाही.

याला आपल्या शाळेत नावसुद्धा आहे. कर्तरि, कर्मणी आणि भावे असे तीन प्रयोग आपण लहानपणी शिकतो. क्रियापद कर्त्याच्या मागे गेले तर कर्तरि, कर्माच्या मागे गेले तर कर्मणी, आणि कोणाच्याच मागे न जाता स्वतंत्र राहिले तर भावे. केटोची घोषणा हा कर्मणी प्रयोग. शत्रूंना सोडण्याचे वाक्य हा भावे प्रयोग. झाला नियम! इंग्रज विद्यार्थ्याला जे समजावायला पाने खर्चावी लागतात ते मराठी विद्यार्थ्याला एका शब्दात सांगता येते. पण तो शब्द लॅटिनच्या वर्गात कोणी उच्चारील तर ना!

हे नाते वरवरचे आहे असे कोणी समजू नये. संस्कृतात कर्तव्य, करणीय, कार्य अशी रूपे घडवणाऱ्या प्रत्ययांना पाणिनीने 'कृत्य' असे नाव दिले आणि स्पष्ट सांगितले की हे प्रत्यय कर्म आणि भाव या दोनच अर्थी होतात. लॅटिनच्या जेरंडिव्हची याहून नेटकी व्याख्या मला कोणत्याही इंग्रजी पुस्तकात दिसली नाही. त्यांतल्या 'तव्य' प्रत्ययापासूनच आपले 'करावे, वाचावे, भेटावे' आले. 'रामाने पोथी वाचावी' येथे पोथीमागे 'वाचावी' जाते. 'रामाने मावशीला भेटावे' येथे 'भेटावे' मोकळे राहते. म्हणजे ज्या घराण्याची ही चाल, त्या घराण्यातली मराठी ही सख्खी मुलगी. आणि तिच्याच मुलांना ही चाल शिकण्यासाठी दूरच्या नातलगाच्या दारी उभे राहावे लागते.

आता प्रतिपक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. एक जाणकार म्हणतील, 'अहो, तुमचा "ला" फार सैल आहे. मराठीत "मुलाला वाचवायचे आहे" असे म्हणतात. पण लॅटिनमधले वाचवण्याचे क्रियापद, सेर्वारे, द्वितीया घेते. तेथे "पुएर सेर्वान्दुस एस्त" असा कर्मणी प्रयोगच हवा. तुमचा मराठी विद्यार्थी तेथे भावे प्रयोग करून बसेल, त्याचे काय?' आक्षेप रास्त आहे. मराठीत सजीव कर्माला 'ला' लागतो आणि द्वितीया-चतुर्थीचे रूप एकच दिसते. लॅटिनमध्ये त्या दोन विभक्ती स्पष्ट वेगळ्या आहेत. म्हणून कोणते क्रियापद कोणती विभक्ती घेते, हे लॅटिनचे लॅटिनमध्येच पाठ करावे लागेल. त्यातून सुटका नाही. पण हा आक्षेप माझ्याच बाजूने साक्ष देतो. इंग्रजीतून शिकणारा आणि मराठीतून शिकणारा यांच्या चुका वेगवेगळ्या असतात. मग त्यांची औषधेही वेगळी नकोत काय? आपण आपल्या मुलांना जो रोग त्यांच्या भाषेमुळे होत नाही त्याचे औषध पाजतो, आणि जो होऊ शकतो त्याची सूचनाही देत नाही.

दुसरे जाणकार म्हणतील की 'ऊती' म्हणजे वापरणे, 'फ्रुई' म्हणजे उपभोगणे, अशी काही क्रियापदे द्वितीया घेत नाहीत, पंचमी घेतात, तरीही त्यांचे जेरंडिव्ह कर्माप्रमाणे बदलते. खरे आहे. पण जुन्या लॅटिनमध्ये ही क्रियापदे द्वितीयाही घेत असत. जेरंडिव्हने ती जुनी आठवण जपली, इतकेच. आजीच्या घरातून भांडे आले तर त्यावर आजीचेच नाव असणार. आणि कवी होरेसने 'हेवा करणे' हे चतुर्थीचे क्रियापद वाकवून 'इन्विदेओर', म्हणजे मीच जणू हेवा केला गेलो, असे रूप वापरले. तेही कोठे? कवीला नवे शब्द घडवण्याचा हक्क आहे, हे सांगताना! ज्याला नियम मोडण्याची जागा इतकी अचूक साधते, त्याला नियम पक्का ठाऊक असतो.

आता या नियमाचा उत्तरार्ध पाहू. माझ्या मते तो अधिक मोलाचा आहे. करणारा चतुर्थीत आणि ज्याच्यासंबंधी करायचे तोही चतुर्थीत, असे झाले तर? भाऊबीजेला आपण म्हणतो, 'बहिणीला भावाला ओवाळायचे आहे.' दोन 'ला' आले, तरी घोटाळा होत नाही. कोण कोणाला ओवाळतो हे रीतीने ठरलेले आहे. पण 'सुनेला सासूला भेटायचे आहे' म्हटले की भेटीची ओढ कोणाला लागली, हे केवळ शब्दांच्या क्रमावर टांगते. मराठीत पहिला शब्द करणाऱ्याचा, असा संकेत तरी आहे. लॅटिनमध्ये शब्दांचा क्रम मोकळा. तेथे हा संकेतही हाती नाही. म्हणून जेथे असा संशय येईल तेथे लॅटिन बहुधा करणाऱ्याला चतुर्थीतून काढते आणि 'आब्' किंवा 'आ' हे अव्यय लावून पंचमीत ठेवते. 'माझ्याकडून', 'तुमच्याकडून' असे म्हणते. मराठीही अडचणीत हेच करते. 'सुनेने सासूला भेटायचे' असे 'ने' लावून म्हटले की संशय फिटला.

इ. स. पूर्व ६६ मध्ये सिसेरो रोमच्या जनतेपुढे भाषणाला उभा राहिला. राजा मिथ्रदातेसविरुद्धच्या युद्धाची सूत्रे पाँपेकडे द्यावीत, असे त्याचे म्हणणे होते. आशिया प्रांतात अनेक रोमन नागरिकांची मालमत्ता धोक्यात आली होती. त्यांचे हित पाहिले पाहिजे, हे त्याला सांगायचे होते. आणि 'हित पाहणे' हे क्रियापद, कोन्सुलेरे, चतुर्थी घेणारे. नागरिक चतुर्थीत, श्रोतेही चतुर्थीत ठेवले असते तर कोणी कोणाचे हित पाहायचे? सिसेरोने तेथे 'आ वोबिस' असे दोन शब्द घातले. तुमच्याकडून. व्याकरणाची गरज म्हणून ते शब्द आले, पण त्यांचे काम व्याकरणापुरते राहिले नाही. समोरच्या एकालाही 'हे दुसऱ्या कोणाचे काम असेल' असे म्हणून अंग चोरता येऊ नये, असे ते वाक्य झाले.

आणि आपली मराठी या बाबतीत आज काय करते? कोणत्याही कचेरीचे पत्र उघडा. 'सदर बाबतीत योग्य ती कार्यवाही करण्यात यावी.' कोणी? पत्र बोलत नाही. सभेत ठराव होतो, 'नदी स्वच्छ राखली पाहिजे.' कोणी? टाळ्या पडतात. 'म्हाताऱ्यांना सांभाळले पाहिजे' असे सगळे भाऊ एकमुखाने म्हणतात आणि आपापल्या गावी परततात. भाव आहे, कर्म आहे, कर्ता तेवढा बेपत्ता! भावे प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या मागे जात नाही, हे खरे. पण म्हणून कर्त्याने वाक्यातून पळून जावे, अशी मुभा व्याकरणाने कोणाला दिलेली नाही. 'रामाने मावशीला भेटावे' यात राम हजर असतो. लॅटिनही कर्ता वगळू शकते. पण तो सांगायचा झाला की संशय ठेवत नाही. एवढा धडा या 'अपवादा'तून आपण घेतला, तरी लॅटिन शिकल्याचे सार्थक होईल.

'पण आज लॅटिन हवे कोणाला?' हा शेवटचा प्रश्न येणारच. वनस्पतींची आणि प्राण्यांची शास्त्रीय नावे, कायद्यातली वचने, युरोपातल्या शतकानुशतकांच्या विद्येचे मूळ ग्रंथ, ही उत्तरे जुनी आहेत आणि ती अजून खरी आहेत. मला एक घरचे उत्तर द्यायचे आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा जन्माने इंग्रज. १५७९ साली गोव्यास आला. त्याचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापले गेले, आणि त्याने लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मरणानंतर १६४० साली प्रसिद्ध झाले. ते व्याकरण पोर्तुगीजमध्ये आहे आणि त्याची चौकट लॅटिनची आहे. म्हणजे एक इंग्रज चारशे वर्षांपूर्वी इंग्रजीची मध्यस्थी न घेता, थेट लॅटिनचे बोट धरून आपल्या भाषांच्या अंगणात आला. आणि आपण उलट दिशेने जाताना मात्र इंग्रजीचा परवाना काढल्याशिवाय पाऊल टाकत नाही!

१८८८ सालचे केनेडींचे लॅटिन व्याकरण मी तुच्छ मानत नाही. ते इंग्रज मुलांसाठी लिहिलेले उत्तम पुस्तक आहे. दुसऱ्याच्या पायाच्या मापाचा जोडा घालून आपण चालतो आणि पाय दुखला की रस्त्याला दोष देतो, यात चांभाराचा काय अपराध? दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण लिहिले, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली त्या शास्त्राचा केवढा तरी विस्तार केला. प्रयोगविचाराची एवढी पुंजी घरात असताना उसनवारी कशाला? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, पेढे वाटले गेले. उत्तम झाले. पण अभिजात म्हणवणाऱ्या भाषेने दुसऱ्या अभिजात भाषेकडे पाहायचे ते तिसरीच्या खिडकीतून, हे त्या पेढ्यांना शोभत नाही.

'लॅटिन मराठीतून शिकवले गेले पाहिजे' असे म्हणून मी येथे थांबलो, तर मीही त्या कचेरीच्या पत्रासारखाच ठरेन. म्हणून कर्ता सांगतो. लॅटिनच्या शिक्षकांनी उद्या वर्गात जाऊन फळ्यावर 'मला मावशीला भेटायचे आहे' हे वाक्य लिहायचे आहे आणि मगच 'होस्तिबुस पार्केन्दुम् एस्त' लिहायचे आहे. संस्कृतच्या अध्यापकांनी कृत्य प्रत्यय शिकवताना शेजारी लॅटिनचे रूप ठेवायचे आहे. विद्यापीठांनी दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसांकडून मराठी विद्यार्थ्यांच्या चुका ध्यानात घेऊन धडे लिहवून घ्यायचे आहेत. आणि वाचकांनी? वाचकांनी या दिवाळीत घरातले कोणी 'हे केले पाहिजे' असे म्हणाले की लगेच विचारायचे आहे: 'कोणी?'